खाल्लेला कोंबडा

कोंबड्याचा पेटा दाताखाली आला आणि तेवढ्यात नाफिरीनं विचारलं, "अहो, ह्याच्या पायाला ही चिंधी कुणी बांधली होती?"

आता पोटातला पेटा म्हणजे कसा, रबराचा भाऊ. घरातल्या कर्त्या माणसाच्या वाटीत तो पडतो, आणि पडला की त्यानं तो सावकाश चावायचा, बाकीच्यांनी बघायचं. कामवेंदो तसाच सावकाश चावत होता. दिवसभर लिंबेच्या बाजारात दुकानाच्या ओट्यावर बसून पायानं शिलाईमशीन हाकलं की संध्याकाळी मांड्या भरून येतात, पण जबडा ताजा राहतो, असं तो नेहमी म्हणायचा. डाव्या हातात वाटी, उजव्या हातात न्सिमाचा गरम गोळा, मक्याच्या पिठाचा तो वास नाकात, आणि समोर बायको चुलीपाशी उकिडवी बसून बोटांत कापडाचा एक तुकडा धरून. पिवळ्या छत्र्यांचं निळं कापड. त्याच्याच दुकानातलं. कापड ओळखायला शिंप्याला उजेड लागत नाही. म्हणाला, "असेल कुणीतरी बांधलेली. पळू नये म्हणून बांधतात."

"पळू नये म्हणून दोरी बांधतात. कोण घेऊन आलं होतं?"

"सांगितलं की. गावाकडचा म्हातारा मुहिवा. आणि बरोबर एक जण."

"म्हणजे दोघं." नाफिरीनं चिंधी मांडीवर ठेवली. "बसले कुठं?"

"ओट्यावर, खाली. मी स्टूल दिलं, नको म्हणाले."

"टाळ्या वाजवल्या?"

"वाजवल्या. आपल्यात टाळ्या वाजवल्याशिवाय कोण बोलतं?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बरं झालं आलात. कोंबडा छान आहे म्हटलं. चहा पाजला, लाडूएवढी तळलेली गोड मांदाझी दिली दोन-दोन. आता काय खटला चालवतेस का?"

नाफिरी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याच्या चालत्या जबड्याकडं. मग तिनं अशा आवाजात सांगितलं की जणू शेजारच्याचं काही सांगतेय, "अहो, तुम्ही पोरगी देऊन बसलात."

पोरगी? आपल्याला पोरगी कुठाय? दोन पोरं, दोन्ही जोहान्सबर्गला. असं तो म्हणणार होता, पण म्हणायच्या आधीच त्याला कळलं, आणि कळलं म्हणजे डोक्याला नाही, घशाला कळलं. पेटा धड गिळवेना, धड थुंकवेना. मुलाकडचा मामा आणि बरोबर एक साक्षीदार, असे दोघं कोंबडा घेऊन मुलीच्या मामाकडं जातात. खाली बसतात. मुलीच्या मामाला स्थळ नको असलं तर तो कोंबडा जिवंत परत करतो, काही बोलत नाही, कुणाचा अपमान होत नाही. हवं असलं तर उलट एक कोंबडी पाठवतो. झालं लग्न. हे त्याला ठाऊक नव्हतं का? होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते तिथं, मुलांजेच्या डोंगराखाली ठाऊक होतं, आणि ते दोघं आले ते लिंबेत, मिनीबसच्या भोंग्यांत, समोर जुन्या बुटांचा ढीग, शेजारी मोबाइल दुरुस्तीवाल्याचा रेडिओ, एका बाईचा झंपर मशीनमध्ये अडकलेला. एकाच माणसाच्या डोक्यात दोन घरं असतात आणि मधलं दार वाऱ्यानं लागतं, तसं काहीतरी झालं होतं. आणि आता कोंबडा परत द्यायचा तर कसला देणार? रस्सा?

पोरीचं नाव एलुबे. ह्याच्या नात्यागोत्यातली ती कुणीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चर्चच्या मंडळींनी ठरवलं की शहरात पाय रोवलेल्या एकेका माणसानं एकेका खेड्यात महिन्यातून एका शनिवारी जायचं, तिथल्या विशीतल्या पोरापोरींना भेटायचं, चार गोष्टी सांगायच्या, एखादं काम शिकवायचं. कामवेंदोच्या वाट्याला नालिकुता हे गाव आलं. त्याच्या स्वतःच्या गावापासून दोन ओढे पलीकडं, म्हणजे ओळखीचंही आणि परकंही. तो जायचा, आंब्याखाली त्याच्यासाठी मुखियाच्या घरातली खुर्ची आणून ठेवलेली असायची, पोरं चटईवर, आणि हा बोलायला लागला की थांबायचा नाही. बोलणं त्याला आवडायचं. दुकानात मशीन बोलतं, घरी नाफिरी बोलते, आंब्याखाली तोच. "स्वतःचं स्वतः ठरवा," हे त्याचं पालुपद. "मामा काय म्हणेल, काकू काय म्हणेल, मुखिया काय म्हणेल, ह्यातच आपल्या लोकांचं आयुष्य जातं. तुम्हाला काय पाहिजे ते आधी बघा. मग ठरवा." पोरं माना हलवायची. ग्रासियानो नावाचा एक वात्रट होता, तो मागून म्हणायचा, "ठरवलं काका, मला जेवायला पाहिजे," आणि सगळे हसायचे, कामवेंदोसुद्धा. एलुबे हसायची नाही. ती सुईत दोरा ओवत बसलेली असायची. तिची तुरपाई इतकी बारीक की कापडाच्या उलट्या बाजूनं पाहिलं तर टाके दिसतच नाहीत. फक्त शेवटाकडं येताना टाके जरा दाटी करायचे, कापड संपायला आलं म्हणून घाबरल्यासारखे. तो तिला सांगायचा, "अगं, घाई नको. कापड कुठं पळून जात नाही."

आणि मग तिचा मामा वारला. तो शनिवार त्याला पेटा चघळताना पुन्हा दिसू लागला, जसा काही तोंडातल्या त्या चिवट तुकड्यातूनच निघत होता. चिपेरोनी वाऱ्याची थंड भुरभुर चार दिवस लागलेली, डोंगर दिसत नव्हता, स्मशानातली निळसर झाडं, लाल चिखल, बायकांच्या अंगावरची कापडं भिजून पायांना चिकटलेली. वर्ग नव्हताच, सगळे मयताला. हाही गेला, टोपी काढून मागं उभा राहिला. मुखियानं विचारलं, "आईकडचं कोण बोलणार?" कुणी बोललं नाही. एलुबेची आई जमिनीकडं बघत होती, तिला दुसरा भाऊ नव्हता. मुखियानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पावसाची भुरभुर ऐकू येत होती, खड्ड्याच्या कडेची माती आत गळत होती, आणि ती शांतता कामवेंदोला सहन होईना. कुठलीच शांतता त्याला सहन होत नाही, दुकानात गिऱ्हाईक गप्प बसलं तरी हा हवापाण्याचं काढतो. तो पुढं झाला आणि बोलला. चांगलं बोलला. गेलेला माणूस किती सरळ होता, ह्या घरानं धीर धरावा, आम्ही आहोत. आम्ही आहोत, असं म्हणाला. ते दोन शब्द त्यानं आयुष्यात शेकडो मयतांना म्हटले असतील, सगळेच म्हणतात. पण म्हणून झाल्यावर कुणीतरी त्याच्या हातात खोरं दिलं. त्यानं माती लोटली. बायकांनी हळू टाळ्या वाजवल्या, ओंजळी आडव्या धरून, आणि परत आल्यावर मक्याच्या आंबट थोब्वाचं पहिलं मडकं त्याच्यापुढं आलं. त्याला वाटलं, पाहुण्याचा मान.

"ती तूर," नाफिरी म्हणाली. ती अजून बघतच होती.

"कुठली तूर?"

"यंदा पोतंभर आणलीत ती. हंगामातली पहिली. एलुबेच्या आईनं दिली म्हणालात. पहिली तूर कुणाला देतात, अहो? मामाला."

त्यानं पेटा गिळला. घशातून खाली जाताना तो कळत होता, छातीत कळत होता, अजून खाली गेल्यावरही कळत होता.

सकाळ त्याच्या नालिकुताच्या शनिवारची होती. तो दुकान न उघडता कोंबडीबाजारात गेला. रात्री झोप लागली नव्हती असं नाही, लागली होती, पण झोपेतही तो हिशोब करत असल्यासारखा उठला. विचार सरळ होता: तसाच एक कोंबडा घ्यायचा, काळा, शेपटीला पांढरी टोकं, आणि न बोलता परत द्यायचा. पोरगी मोकळी. ती शिलाई पुरी शिकेल, पुढल्या वर्षी लिंबेत येईल, त्याच्याच ओट्यावर दुसरं मशीन टाकून देईन असं त्यानं मनात कधीचंच धरलं होतं, तिला एकदा सांगितलंही होतं. लग्न झालं की कसली येते? पोटुशी राहील, तुरीत खुरपायला लागेल, सुई गंजेल. कोंबडेवाल्यानं काळा कोंबडा काढून हातात दिला आणि त्याच्या पंखाखालची ऊब तळहाताला लागल्याबरोबर कामवेंदोच्या डोक्यात दुसराच विचार आला. ती चिंधी. खिशातून काढून त्यानं पुन्हा पाहिली. पिवळ्या छत्र्यांचा तो तुकडा त्यानं फत्सानीला दिला होता, सरावासाठी. फत्सानी म्हणजे मुहिवाचा भाचा, आंब्याखालीच बसणारा, इतर दिवशी सायकलवर माणसं वाहणारा. पण चिंधीच्या कडेची तुरपाई फत्सानीची नव्हती. फत्सानीचे टाके कुंपणाच्या खुंटांसारखे. ही बारीक होती. ही एलुबेची होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. म्हणजे तिनंच चिंधी बांधायला दिली. म्हणजे तिला पाहिजे. का नुसता सरावाचा तुकडा होता आणि त्या पोरानं फाडून बांधला? तीन बाजू तुरपलेल्या, चौथी अर्ध्यावर सोडलेली, दोरा लोंबत होता. तिचं काम असं अर्धवट नसतं. मग तिचं नाही. पण टाके तर तिचेच.

"काका, घेताय का नुसतं कुरवाळताय?" कोंबडेवाला म्हणाला.

कामवेंदोनं कोंबडा घेतला. आणि मग, का ते त्याला सांगता आलं नसतं, बोटानं एक कोंबडीही दाखवली. तपकिरी, लहानखुरी, अजून तलंगच. दोघांना एकाच टोपलीत घातलं, वरून कापड बांधलं.

मिनीबसमध्ये कंडक्टरनं टोपलीला कान लावला. "काका, नवरा-बायकोचं वेगळं भाडं पडेल." सगळी गाडी हसली. एका म्हातारीनं विचारलं, "लेकीकडं चाललास का बाबा?" तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "नाही." मग खिडकीतून बाहेर बघायला लागला. चहाचे मळे आले आणि गेले, डोंगराच्या अंगाला ढग चिकटलेले, आणि टोपली मांडीवर कधी एका बाजूनं गरम व्हायची, कधी दुसऱ्या. आपण स्वतः काय केलं असतं? त्याचा स्वतःचा मामा त्याला आठवला. तपकिरीचा वास, आणि अंगठ्याचं नख एवढं वाढलेलं. आई कुठलीही गोष्ट करायच्या आधी त्या माणसाच्या दारात जाऊन गुडघ्यावर बसायची. बकरी विकायची असली तरी. कामवेंदोची बहीण लेफा, तिचा कोंबडा त्याच मामानं खाल्ला, मिटक्या मारत, आणि लेफा चेहरा सुजवून परत आली तेव्हाही तोच मामा काठी घेऊन उठला आणि दोन दिवस चालत तिच्या नवऱ्याच्या गावात जाऊन बसला. दारातच बसला. जेवला नाही. नवऱ्याच्या मामाला उठवून आणलं, दोघा म्हाताऱ्यांनी मिळून त्या नवऱ्याला असा सोलला की तो पुन्हा हात उगारायचा विसरला. ही दुसरी गोष्ट कामवेंदोला इतकी वर्षं आठवली नव्हती. आंब्याखाली तो नेहमी नख आणि तपकीर सांगायचा. काठी घेऊन उठला ते कधी सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं असं नाही. आठवलंच नव्हतं. आणि आता टोपली मांडीवर असताना ते असं समोर आलं की त्याला वाटलं, आपण दोन वर्षं पोरांना जे कापड विकलं त्याची उलटी बाजू आपणच कधी पाहिली नाही.

फाट्यावर उतरला तर सायकल घेऊन फत्सानीच उभा. दुसरा सायकलवाला नाही. पोरानं मान खाली घातली, टाळ्या वाजवल्या, आणि मागची गादी हातानं झटकली. कामवेंदो टोपली घेऊन मागं बसला. रस्ताभर त्याच्यापुढं फत्सानीची मान होती. घामानं चकाकणारी, केस बारीक कापलेले, डाव्या कानामागं जुनी जखम. मानेवरून माणूस कळत असता तर किती बरं झालं असतं. दोन वर्षं हा पोरगा त्याच्यासमोर बसला होता, आणि कामवेंदोला त्याच्याविषयी एवढंच ठाऊक होतं की त्याचे टाके मोठे पडतात. दारू पितो का? रागावला तर काय करतो? आईशी कसा बोलतो? हे विचारायचं कधी सुचलंच नाही. बोलत तर आपणच होतो.

"मामा," फत्सानी पुढं बघत म्हणाला. आधी काका म्हणायचा. "टोपलीत काय आहे?"

"कपडे."

कपडे आरवले. चांगले लांबलचक आरवले. फत्सानीचे कान लाल होणं शक्य नव्हतं, पण मान आखडली, आणि पुढं गावापर्यंत साखळीची कुरकुर तेवढी बोलत होती. कोंबडा आरवला म्हणजे पोराला काय कळलं ते उघडच होतं. कोंबडा परत आला. आतली तलंग बिचारी मुकी.

आंब्याखाली खुर्ची नव्हती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मुहिवा आला होता, त्याचा साक्षीदार आला होता, चटई पसरलेली होती, पोरं लांब भिंतीच्या कडेला उभी होती, ग्रासियानोसुद्धा तोंड बंद करून. खुर्ची कुणी आणली नव्हती. त्याला आधी राग आला, खरंच आला, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला. मग त्याला ओट्यावर खाली बसलेले ते दोघं आठवले आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. एलुबे चुलीच्या झोपडीतून आली, गुडघ्यावर बसली, पाण्याचा वाडगा दिला. तो तिला बाजूला घेऊन जायला बघत होता, मामा-भाचीनं बोलावं तसं, आणि कुणी अडवलं नाही. सगळ्यांनी माना दुसरीकडं वळवल्या. म्हणजे हेही असंच असतं तर.

झोपडीमागं, शेवग्याच्या झाडाशी, त्यानं तिच्यासमोर टोपली ठेवली आणि कापड सोडलं. सांगायला काही जमणारच नव्हतं. एलुबेनं आत पाहिलं. काळा कोंबडा, तपकिरी तलंग, दोघं एकमेकांपासून जमेल तेवढं तोंड फिरवून.

"दोन्ही आणलेत?" ती म्हणाली.

"मला कळेना."

"दोन वर्षं आम्हाला सांगताय, ठरवा, ठरवा. आणि स्वतः दोन्ही घेऊन आलात!" ती हसली. तिला हसताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं. पुढचा एक दात जरा तिरका. मग हसू गेलं. "आणि त्यांचा कोंबडा?"

"खाल्ला."

"चिंधी न बघताच?"

त्यानं खिशातून चिंधी काढली. तिनं ती त्याच्या तळहातावर उलटी केली आणि चौथ्या बाजूवर बोट ठेवलं, जिथं दोरा लोंबत होता. "मला वाटलं, तुम्ही शिंपी. कोंबड्याआधी कापड बघाल. मी काम असं सोडते का कधी? तीन बाजू केल्या. एक ठेवली. म्हणजे काम बाकी आहे."

"म्हणजे तुला नको?"

"मला फत्सानी पाहिजे, मामा. पण आत्ता नको. शिलाई पुरी होऊ दे. लिंबेतलं ते दुसरं मशीन, ते तुम्ही खरंच म्हणाला होतात ना? हे मी ठरवलंय. पण हे मी जाऊन मुहिवाला कसं सांगणार? पोरीनं सांगितलं तर ते पोरीचं तोंड होतं. मामानं सांगितलं की ते घराचं तोंड. ठरवायचं मी, पण ते घेऊन उभं राहायला कुणीतरी नको का?" ती थांबली. मग खाली बघत, पण आवाज न उतरवता म्हणाली, "आणि एक सांगा. उद्या ह्यानं मला मारलं, तर मी शनिवारपर्यंत थांबायचं का?"

शेवग्याच्या शेंगा वाऱ्यावर एकमेकींना लागत होत्या. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलावं, धीराचं, गोल, आंब्याखालचं. जीभ उचललीही गेली. पण लेफाचा सुजलेला चेहरा आणि काठी उचलणारा तो लांब नखांचा हात मध्ये आला, आणि त्यानं जीभ परत ठेवली. होय म्हणायची हिंमत नव्हती, नाही म्हणायचं तोंड नव्हतं. त्यानं टोपली उचलली आणि परत आंब्याकडं चालायला लागला, आणि चालताना आपण तिथं जाऊन काय करणार आहोत हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

चटईवर तो खाली बसला. गुडघे कुरकुरले. मुहिवानं टाळ्या वाजवल्या, ह्यानं वाजवल्या. मग शांतता झाली. स्मशानात होती तशीच, फक्त भुरभुरीऐवजी माश्या. मुखिया नाही, प्रश्न विचारणारं कुणी नाही, सगळे टोपलीकडं बघतायत, आणि ह्या वेळी ती शांतता त्यानं भरली नाही. बसून राहिला. दोन्ही हात कापडाखाली घातले. एका तळहाताखाली एक ऊब, दुसऱ्याखाली दुसरी, दोन्हीकडं काळीज धडधडतंय, आणि बोटांना काही कळेना कुणाचं कुठलं. फत्सानी लांब सायकल धरून उभा होता, घंटीवर अंगठा ठेवून, पण वाजवत नव्हता. त्याचा चेहरा पाहिला आणि कामवेंदोच्या लक्षात आलं, की हा पोरगाही घाबरलाय. शेवटाकडं दाटी करणाऱ्या टाक्यांसारखा.

"व्याही," शेवटी मुहिवाच म्हणाला, आणि म्हणताना डोळा बारीक केला, "आमचा कोंबडा कसा लागला?"

"मऊ होता," कामवेंदो म्हणाला. "पेटा सोडून."

म्हातारा हसला, तोंडात चारच दात. "मग? टोपलीत आता काय?"

कामवेंदोनं हात वर काढला. तलंग निघाली. भिंतीकडून एक सुस्कारा आला, बहुतेक ग्रासियानोचा. मुहिवानं दोन्ही हात पुढं केले. पण कामवेंदोनं ती दिली नाही. आपल्याच मांडीवर धरून राहिला, तिच्या डोळ्यावर ती पातळ पापणी येत-जात होती.

"ही तलंग आहे," तो म्हणाला. "अजून अंडं दिलं नाही हिनं. आमच्या पोरीचंही काम बाकी आहे. ही इथं एलुबेच्या आईच्या अंगणात राहील. पोरीचं शिकून होईल, तोवर ही खुडूक बसेल, पिल्लं निघतील. मग ही पिल्लांसकट चालत तुमच्याकडं येईल."

मुहिवानं साक्षीदाराकडं पाहिलं. साक्षीदारानं झाडाकडं पाहिलं. "असं कुठं असतं?"

"मला ठाऊक नाही," कामवेंदो म्हणाला. हे वाक्य त्या आंब्याखाली तो पहिल्यांदाच म्हणत होता, आणि म्हटल्यावर त्याला तोंडात हलकं हलकं वाटलं, दात पडल्यासारखं. "खरंच ठाऊक नाही. पण मी असं म्हणतोय."

"आणि घार घेऊन गेली हिला तर?"

"तर मी दुसरी आणीन."

"आणि पोराला धीर निघाला नाही तर?"

"मग तो तुमचा भाचा. त्याला तुम्ही बघा. माझीला मी बघतो."

माझीला. हे कुठून आलं ते त्याला कळलं नाही. म्हातारा मिशी चघळत वळला आणि फत्सानीवर ओरडला, "काय रे गाढवा, थांबशील?" फत्सानीचा अंगठा घंटीवरून सटकला आणि ती टणकन वाजली. तेवढंच उत्तर. पोरं खिदळली. ग्रासियानो ओरडला, "मामा, त्यानं हो म्हटलं, मी भाषा समजतो त्याची!" मुहिवानं हात मागं घेतले. हो म्हणाला असं नाही. नाही म्हणाला असंही नाही. "आणि टोपलीत तो दुसरा कोण खुडबुडतोय?" त्यानं विचारलं.

कामवेंदोनं कोंबडा काढला. परत द्यायला आणलेला कोंबडा. त्याचं आता काय करायचं, कुणालाच सुचेना. परत दिला तर नकार, घरी नेला तर खाल्लेल्या कोंबड्याची चोरी. एलुबेच्या आईनं, जी आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, चुलीपासून उठून येऊन त्याच्या हातातून कोंबडा काढून घेतला. "सगळ्यांनी मिळून खायचा," ती म्हणाली. "मग कोण कुणाला परत देतं बघू."

दुपार कलली तेव्हा वाट्या आल्या. दोन्ही घरचे एकाच चटईवर, ताटात न्सिमाचा ढीग, वर वाफ. डोंगर आता पूर्ण दिसत होता, आणि दिसतो तेव्हा असा जवळ वाटतो की हात लावावा. एलुबेनं गुडघ्यावर बसून वाट्या मांडल्या. मुहिवाच्या वाटीत तंगडी. साक्षीदाराच्या वाटीत पंख. कामवेंदोनं आपल्या वाटीत बघायचं टाळलं, कारण वाटीत काय असेल ह्याची त्याला भीती वाटत होती आणि नसेल ह्याचीही. मग पाहिलं. पेटा होता. कालच्यापेक्षा लहान.

तेवढ्यात फाट्याकडून मिनीबसचा भोंगा आला, लांब, मग तुटक. परतीची शेवटची. एरवी ह्या भोंग्याला तो टोपी शोधत उठायचा, आणि पोरं त्याला फाट्यापर्यंत पोचवायला धावायची. कुणी हललं नाही. कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं, मुद्दाम बघत नव्हतं. एलुबे ताटाकडं बघत होती. तलंग त्याच्या पायाशी बांधलेली, माती उकरत होती, नवीन जागेची माती कशी लागते ते बघत.

"व्याही," मुहिवा हाड चोखत म्हणाला, "गाडी चालली."

"ऐकलं," कामवेंदो म्हणाला, आणि पेटा तोंडात टाकला. चिवट होता. बराच वेळ लागणार होता.